बरोबर उत्तर, अधिक एक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले संचालक साहेब, कर्मचारी संघटनेच्या सचिव ताई, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे ते आमच्या मापन प्रयोगशाळेचे प्रमुख, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर बसलेले माझे सहकारी व त्यांच्या घरची मंडळी, आपणा सर्वांना नमस्कार.

माझ्या आधी पाच जण बोलले. त्यांतल्या चौघांनी साहेबांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं आणि चौघेही दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले. म्हणून त्या गुणाबद्दल मी काही बोलत नाही.

साहेबांना आपण पाठीमागे 'वीस अंश' म्हणतो. पोलाद उष्णतेने फुगतं, म्हणून आमची खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली असते, आणि साहेबही. हे नाव त्यांना माहीत नाही, अशी आपली समजूत होती. परवा मी त्यांना या कार्यक्रमाची पत्रिका दाखवली. ते म्हणाले, "नावाखाली 'वीस अंश' पण छापा. नाहीतर कोण चाललंय ते लोकांना कळायचं नाही."

मी जे सांगणार आहे ते त्यांच्या सेवापुस्तिकेत नाही. ते माझ्या मुलीबद्दल आहे. घरी आम्ही तिला मुंगी म्हणतो. आता ती आठ वर्षांची आहे. तेव्हा सहा वर्षांची होती.

मुंगी तीन वर्षांची असताना वाचायला लागली. साडेचार वर्षांची असताना तिने एका दुकानात भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला आणि दुकानदाराला सांगितलं, "काका, याची तारीख गेल्या वर्षीच संपली." दुकानदार मला म्हणाले, "ताई, हिला चांगल्या शाळेत घाला." तो सल्ला होता की दुकानातून बाहेर काढण्याचा मार्ग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी कामाला लागले.

पहिल्या शाळेने परीक्षा घेतली आणि तिला पहिलीऐवजी थेट तिसरीत बसवलं. गणितं तिला येत होती. बुटांची नाडी बांधता येत नव्हती. मधल्या सुट्टीत तिसरीतली मुलं तिला खेळायला घेत, म्हणजे कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणायला पाठवत. मी शाळा बदलली. दुसरी शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला होती, अगदी साधी. तिथेही परीक्षा झाली, पण तिला तिच्याच वयाच्या मुलींत बसवलं. चार महिन्यांनी वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? मी फळा पुसेपर्यंत हिचं पुस्तक संपतं. हिला देऊ काय मी?"

प्रश्न रास्त होता. म्हणून मी तिसरी शाळा शोधली. असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी असलेली, निवासी. घरापासून चार तासांवर. मूल महिन्यातून एकदा घरी येणार. मी तिन्ही शाळांचा तक्ता केला. बारा रकाने, प्रत्येकाला वेगळा भार. निवासी शाळेला साडेसत्त्याऐंशी गुण पडले, गल्लीतल्या शाळेला एकेचाळीस. सासूबाईंनी चष्मा लावून तो तक्ता पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "अगं, पोरगी आहे की फ्रीज? तक्ते मांडून कसली निवड करतेस!"

मी त्यांना भार कसे ठरवले ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला गेल्या.

निवासी शाळेच्या पहिल्या परीक्षेत मुंगीला चाळीसपैकी एकोणचाळीस मिळाले. प्रवेश पक्का करण्यासाठी दुसरी परीक्षा होती. त्यात तिला शून्य मिळालं. शाळेने काळजीचं पत्र पाठवलं, उत्तरपत्रिकेची प्रत जोडली आणि येत्या सोमवारी तिसरी संधी देऊ केली.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक मोजमापाचं काम करतात. ती उत्तरपत्रिका त्यांच्या हातात पडली असती तर त्यांनीही तेच पाहिलं असतं जे मी पाहिलं. उत्तरं सगळी आकड्यांत होती आणि प्रत्येक उत्तर एकाने जास्त होतं. सतराच्या जागी अठरा. दोनशे सहाच्या जागी दोनशे सात. चाळीसपैकी शून्य मिळवायचं, तेही इतक्या नेटकेपणाने, तर चाळीसही उत्तरं यावी लागतात.

एखादं उपकरण दर वेळी तेवढंच चुकत असेल तर आपण काय करतो? दुरुस्तीचा आकडा लिहून प्रमाणपत्र देतो. मीही तेच केलं. शाळेला पत्र लिहिलं की, कृपया प्रत्येक उत्तरातून एक वजा करावा, म्हणजे गुण चाळीसपैकी चाळीस होतात. भाषा तपासायला ते साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "दुरुस्ती बरोबर आहे. एक का वाढतोय, हे उपकरणाला विचारलंत?"

"साहेब, उपकरण सहा वर्षांचं आहे."

"मग बोलता येत असेल."

शनिवारी अर्धा दिवस असतो. मी मुंगीला घेऊन आले. साहेबांनी तिच्या हातावर पोलादाचा एक प्रमाण ठोकळा ठेवला, ज्याच्याशी आम्ही बाकीची मापं ताडून बघतो तो. तिने तो मुठीत धरला, गालाला लावला आणि विचारलं, "मोजू?"

"आत्ता नाही. हातातून आलाय, गरम आहे. आत्ता मोजलास तर त्यात तुझा हातही मोजला जाईल. ठेव तिथे."

"कधीपर्यंत?"

"उद्यापर्यंत."

ती ठोकळ्याकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने साहेब नोंदवहीतून मान वर न करता म्हणाले, "परीक्षेत एक-एक जास्त का लिहिलास?"

"बरोबर लिहिलं की नव्या शाळेत घालतात. दोनदा झालंय."

"मग काहीही चुकीचं लिहायचं."

"काहीही नाही जमत मला," ती म्हणाली. "आणि माझ्या बाकावरची मुलगी मला दोरीवरच्या उड्या शिकवतेय. माझ्या अजून सोळाच होतात."

मी त्याच खोलीत होते, दीड मीटरवर. माझ्या तक्त्यात बारा रकाने होते. दोरीवरच्या उड्यांचा एकही नव्हता.

कुठली शाळा निवडावी हे साहेबांनी मला सांगितलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांनी माझं पत्र परत दिलं. सोमवारच्या परीक्षेला मी तिला नेलं नाही. गल्लीतल्या शाळेतल्या बाईंना मी साहेबांचं नाव न सांगता, त्यांनी नंतर सुचवलेला एक प्रस्ताव दिला. गणिताच्या तासाला मुंगीने मागच्या बाकावर स्वतःची वही घेऊन बसावं. वहीत आठवड्याला एकच प्रश्न असेल. बाई म्हणाल्या, "चालेल की. पण उत्तर कोण तपासणार? माझ्या भरवशावर राहू नका हं."

उत्तर साहेब तपासतात, शनिवारी. पहिला प्रश्न होता : मोजपट्टी न वापरता प्रयोगशाळेचा दरवाजा किती उंच आहे ते सांग, आणि तू किती चुकू शकतेस तेही सांग. मुंगीने उंची लिहिली आणि चूक शून्य लिहिली. साहेबांनी वही परत दिली. "शून्य चूक असलेलं उत्तर मी घेत नाही." ती चार दिवस रागावून होती. पाचव्या दिवशी तिने लिहिलं, 'चार बोटं इकडेतिकडे.' साहेबांनी ते स्वीकारलं. हल्ली ती घरी सांगते, "आई, पाच मिनिटांत येते, दोन मिनिटं कमी-जास्त." एवढं प्रामाणिक विधान आमच्या घरात दुसरं कोणी करत नाही.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "साहेब गेले की शनिवारपण जाणार?" मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पास काढावा लागेल." म्हणून संचालक साहेबांचे मी इथेच आभार मानते. त्यांनी काल दोन अभ्यागत पासांवर सही केली, एक आठ वर्षांच्या व्यक्तीसाठी, एक साठ वर्षांच्या. शनिवारी दहा वाजता दोघांनी फाटकावर यावं.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, याबद्दल आभारी आहे. साहेब, वहिनी, तुमचेही आभार. बोलण्यात कुठे तोल गेला असेल किंवा कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. ही माफी सर्वांची एकत्र मागितली तरी चालते.

एक वेगळी मागायची आहे. मुंगी, तिसऱ्या रांगेत आहेस, पुस्तक जरा खाली ठेव. पहिली शाळा बदलली आणि तिसरी ठरवली, तेव्हा तुला विचारलं नाही. दोन वर्षं घरात हे बोलायचं होतं, मला जमलं नाही, म्हणून चारचौघांत बोलते. माझं चुकलं.

धन्यवाद.