चिलिपाच्या आंब्याखालच्या अठ्ठेचाळीस नळ्या

—नाही, सोमवार नव्हता, माई. मंगळवार, चौदा फेब्रुवारी. सकाळचे साडेनऊ. चिलिपा गाव, गावप्रमुखांच्या अंगणातलं आंब्याचं झाड, त्याखाली दोन टेबलं, अठ्ठेचाळीस मुलं आणि त्यांच्या आया. पहिली सुई तुमच्या पोरीला, तामांदानीला टोचली. टोचणारा मी. बसा ना—त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इथे बसा. दादा म्हणता मला अजून? म्हणा. मला तुमच्याकडे बघवत नाही, ती गोष्ट वेगळी.

रविवारी बैठक आहे, कळलं मला. तुमचे मामा आणि तुमच्या नवऱ्याचे, बिझवेकचे मामा—लग्न जोडायला जे बसले तेच आता मोडायला बसणार. आणि त्यांच्यापुढे ठेवायला तुम्हाला कागद हवाय, आमच्या प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा—की पोरीत खोट नाही आणि पोरीच्या आईच्या पोटातही नाही. एवढंच ना? एवढंच. किती साधं मागणं आहे. तुम्ही फालोम्बेहून मिनीबस बदलत आलात, आणि मी इथे पंखा सरळ करत बसलोय.

सांगतो. तेव्हा गावात सांगितलं त्यापेक्षा नीट सांगतो. आपल्या अंगातल्या एकेका पेशीत—पेशी म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढा दाणा—त्यात एक दोरा असतो. डीएनए. सरळ केला तर तुमच्या उंचीपेक्षा लांब. मग मावतो कसा? गुंडाळून. बारीक बारीक रिळं असतात, कोट्यवधी, प्रत्येकावर जेमतेम दोन वेढे. आणि त्या दोऱ्यावर शरीर चालवायचे सगळे हुकूम लिहिलेले. जिथे गुंडाळी घट्ट, तिथला हुकूम वाचता येत नाही. सैल झाली की वाचता येतो. म्हणून तर डोळ्यातला दोरा आणि काळजातला दोरा तोच असूनही डोळा डोळा राहतो नि काळीज काळीज—उघडी जागा वेगळी, बस्स. आणि ही रिळं कायमची आवळलेली नसतात, माई. ताप आला, उपास घडला, उष्मा झाला, की हलतात. हे लक्षात ठेवा. उष्मा.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बघायचं होतं, की जानेवारी-फेब्रुवारीत, मक्याच्या कणग्या रिकाम्या असताना ज्या मुलांचा गर्भ राहिला, त्यांची गुंडाळी वेगळी निघते का. तुलनेला सुगीतली मुलं. सगळ्यांचं रक्त वय सव्वादोन वर्षं झाल्यावरच घ्यायचं. म्हणजे हिशेब करा—भुकेची मुलं पुन्हा फेब्रुवारीतच आली, भर उकाड्यात. सुगीची आली जूनच्या थंडीत, अंगावर स्वेटर घालून. कुणाच्या डोक्यात आलं नाही का हे? आलं. माझ्या आलं. पण मला कोण विचारतं, मी नळ्या धुणारा माणूस.

रक्त काढलं की अर्ध्या तासात त्यात औषध घालायचं असतं. औषधानं दोरा आहे तसा थिजतो, मग जे दिसेल ते खरं. उशीर झाला तर पेशी नळीतच घाबरते, रिळं सोडते, नको ते हुकूम उघडते. आता त्या मंगळवारी काय झालं? तुम्हीच सांगा—नाही, मीच सांगतो. रक्त पिणाऱ्यांची अफवा. तेव्हा जिल्हाभर तीच बोंब होती—पांढऱ्या गाडीतून येतात, रात्री रक्त ओढून नेतात. तुमचे गावप्रमुख म्हणाले, रक्त घ्या, पण शेवटच्या पोराचं होईपर्यंत एकही नळी माझ्या नजरेआड जाणार नाही, मी स्वतः मोजणार, मग न्या. त्यांचं काय चुकलं? आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावात एका पाहुण्याला मारून टाकलं होतं. आणि औषध कुठे, गाडीतल्या पेटीत. नळीत काही ओतताना कुणी पाहिलं असतं तर मी आज इथे नसतो. मी नळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तुमची एक नंबरची. आयांची रांग, रडारड, जेवायची सुट्टी, मग कुणाच्या तरी आजीनं आणलेली मक्याची लापशी—होय, तुम्हीच दिलीत मला वाटीभर, त्या भुकेच्या महिन्यात. शेवटची नळी साडेतीनला. तुमच्या पोरीचं रक्त सहा तास त्या आंब्याखाली तापत होतं.

जूनमध्ये? जूनमध्ये अफवा विरली होती. काढलं की औषध, की बर्फ. वीस मिनिटं.

गावप्रमुखांमुळे झालं, असंच मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. उकाड्यामुळे झालं, अफवेमुळे झालं. पण फॉर्म असतो, माई. दोन रकाने—रक्त काढल्याची वेळ, औषध घातल्याची वेळ. संध्याकाळी गाडीत बसून ते कुणी भरले? तिथे अफवा नव्हती, गावप्रमुख नव्हते. अठ्ठेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत वीस मिनिटं. खरं लिहिलं असतं तर सगळ्या नळ्या फेकून द्याव्या लागल्या असत्या, आणि पुन्हा त्या गावात पाऊल ठेवायची छाती नव्हती माझी. एका जागी तर एकवीस लिहिलं—खरं वाटावं म्हणून. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. भुकेच्या मुलांची गुंडाळी सैल निघाली. आमचे प्रमुख आले, झाडाखाली सभा झाली, ते इंग्रजीत बोलले आणि मी आपल्या चिचेवा भाषेत सांगितलं. ते म्हणाले होते—कदाचित. आणखी तपासावं लागेल. मला काय सुचलं? गर्दी, समोर चहा-बन, सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी म्हणालो, तुम्ही बायका कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकाला पैसे गाठ मारून ठेवता ना, तशी आईच्या भुकेनं पोराच्या आत गाठ ठेवलीय. टाळ्या पडल्या. प्रमुखांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलं गाठीची पोरं झाली. बिझवेकची आई काय म्हणाली ते ऐकलंय मी—घरात मका होता, हिनं माहेरी पोचवला, म्हणून माझी नात अशी. आणि बिझवेकही गेला आईकडे राहायला. तुमची पोर साडेचार वर्षांची आहे, धावते, वाद घालते, आता माझ्या स्टेपलरशी खेळतेय. कुठेय तिच्यात गाठ? ये बाई इकडे, बोट चिमटेल.

कसं कळलं मला? गेल्या वर्षी मार्चमध्ये स्वतःचं रक्त काढलं. अर्ध्यात लगेच औषध घातलं, अर्धं त्या खिडकीत सहा तास ठेवलं. मी मे महिन्यातला, सुगीतला गर्भ, माई. आमच्या घरी मका, मासळी, कशाची ददात नव्हती. लगेचच्या अर्ध्यात काही नाही. खिडकीतल्या अर्ध्यात तेच—जे तुमच्या पोरीत निघालं, जागेला जागा. तीन वेळा केलं. माझ्याही रक्तात उपासमार निघाली.

कागद केला. सगळं लिहिलं—वीस मिनिटांचंसुद्धा. प्रमुखांच्या टेबलावर ठेवला, पोच घेतली. तीन एप्रिलची तारीख आहे, ही बघा. ते म्हणाले, बघू. छापून आलेला लेख तसाच आहे. मी पुन्हा विचारलं का? एकदा. मग माझी निवृत्ती अकरा महिन्यांवर आली, आणि मी विचारायचं सोडलं.

नाही, शिक्का माझ्याकडे नाही. म्हणजे—खणात आहे. किल्ली आहे. पण मारू नाही शकत, माई. असं बघू नका. माझी साधी सही? तिला मामा लोक काय विचारतील. हा साबण घ्या, पोरीला होईल, अभ्यासातल्या सगळ्यांना देतो—बरं, राहू द्या.

उठा आता. खाली गाडी लागली, प्रमुख आले. मागच्या जिन्यानं जा. पोरीला उचलून घ्या, तिथे पायरी फुटलीय. आणि मला दादा म्हणू नका, खरंच नको. अठ्ठेचाळीस घरं होती. त्या कागदाला चौदा महिने झाले. एकाही घरी कुणी सांगायला गेलेलं नाही.