माझ्या मागे कोणी नाही

अहो, माझ्या मागे काय बघताय? मागे कोणी नाही, मीच पेशंट! ...असू द्या, तुमचा दोष नाही, रक्ताच्या आजारांच्या सेंटरवर तर डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे मागेच बघतात. मी आपली केसपेपरच्या खिडकीपाशी उभी, गाल फुगून भोपळा, दाढ ठणकतेय, आणि खिडकीतल्या बाई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारतात, "पेशंट कुठाय?"

तुम्हाला सांगते, आमच्या दादाला हिमोफिलिया. म्हणजे रक्त वाहायला लागलं की थांबायचं नावच घेत नाही. लहानपणी त्याचा दुधाचा दात पडला, तर उशीचे अभ्रे बदलून बदलून आई रडकुंडीला आली होती! त्याला घेऊन मी वर्षानुवर्षं त्याच सेंटरवर जात होते, म्हणून तिथे माझी ओळख काय, तर दादाची बहीण. आता तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी, तिथल्या सेंटरवर जातो, आणि इकडे मी गेले माझी दाढ घेऊन! कारण दादाचं ऐकून दाताचे डॉक्टर म्हणाले, "आधी रक्त तपासून या, नाहीतर मी चिमटा हातात घेणार नाही."

तपासलं. तर रक्त गोठवणारं ते फॅक्टर माझ्यात असायला हवं त्याच्या पाव! म्हणजे बघा हं, बाळंतपणात मी पांढरीफटक पडले होते, डोळ्यांपुढे अंधारी, आणि सासूबाई म्हणतात, "बायकांचं असंच असतं, आम्हाला काय पोरं झाली नाहीत?" असंच नव्हतं हो ते! गेलेच असते मी! आता दात घासताना जरा लाल दिसलं तरी ब्रश टाकून आरशापुढे धावते मी.

त्यात त्या दिवशी सेंटरवर वरून एक मोजणीवाला आलेला. या आजाराचे किती जण आहेत, कोण कुठे उपचार घेतं, ते मोजायला. बाकाबाकावर विचारत माझ्यापाशी आला. "ताई, पेशंट कुठाय?" म्हटलं, मी. "नाही, तुमच्याबरोबरचा?" म्हटलं, माझ्याबरोबर मीच आलेय! तर हसला मेला. "ताई, बायकांना हा आजार नसतो, बायका नुसत्या पुढे देतात." पुढे देतात? मी काय पोस्टमन आहे? रिपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला, दादाचंही सांगितलं, तर म्हणे, "पण तुमच्या भावाला तिकडे मोजणीत धरलंय ना? मग तुम्हालाही धरलं तर एका घरात दोन होतील." होतील काय, आहेतच दोन! आणि मला सांगा, जेवढी डोकी तेवढीच इंजेक्शनं येणार, मग माझं डोकं धरलंच नाही तर माझं इंजेक्शन कुठून येणार? दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही, तर काय या मोजणीवाल्याला हाक मारू?

शेवटी मोठ्या मॅडम बाहेर आल्या, रिपोर्ट वाचला आणि त्याला म्हणाल्या, "यांना धरा. यांच्यासारख्या किती सुटल्यात देव जाणे." मला रडूच फुटलं हो! मॅडम म्हणाल्या, "उद्या या, आधी फॅक्टर देऊ, मग इथेच दाढ काढू. सोबत कोणीतरी आणा."

तिथेच घात झाला. मी ह्यांना नेलं! आमचे हे म्हणजे सुई बघितली की घामाघूम. बाकावर आम्ही दोघं, मी भीतीने ताठ, हे भीतीने गळपटलेले, डोळे मिटून. ब्रदर सुई भरून आला, "पेशंट कुठाय?" ...विचारलं खरं, पण उत्तराला थांबतोय कोण? गडी सरळ ह्यांच्या दंडाला पट्टा बांधायला लागला! आणि ह्यांच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ! मी सुजलेल्या गालातून ओरडतेय, "अहो, मी! मी!" तर ब्रदर काय म्हणाला असेल? "ताई, घाबरू नका, त्यांना काही होणार नाही."

झालं कसं नाही? हे धाडकन आडवे!

मग इंजेक्शन मला मिळालं, दाढ निघाली, रक्तही थांबलं, मेले नाही मी. पण दाढ काढल्यावर पडायला तिथे एकच खाट, आणि तिच्यावर हे! मी गालात बोळा दाबून उशाशी स्टुलावर, एका हाताने वारा घालतेय. सिस्टर आल्या, ह्यांच्या कपाळावर हात ठेवून मला विचारतात, "कसं वाटतंय यांना?"

बोळा सावरला आणि म्हटलं, "शुद्धीवर आलेत, बाई. जरा चहा द्या त्यांना."