लंडन ते व्हिएन्ना, संकष्टीच्या दिवशी

सावनी : ...आणि लंडनहून संध्याकाळी सातला निघायचं, व्हिएन्नाला दहा वीसला उतरायचं. बुक करू ना, आई?

रत्ना : दुसऱ्या दिवशीचं बघ गं. त्या दिवशी संकष्टी आहे.

सावनी : दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं! नात बारा दिवसांची होणार आणि आजी विमानात? कादंबरीताई माझ्याशी बोलणार नाही.

शशिकांत : तीन तास वीस मिनिटांचा तर प्रवास.

सावनी : दोन तास वीस, बाबा. व्हिएन्नाचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढे. अंतर साडेबाराशे किलोमीटर. पुणे-दिल्ली समजा.

रत्ना : यांच्या हातात घड्याळ देऊच नकोस. इथे अमेरिकेत, क्युपर्टिनोला आलो त्या महिन्यात पंचांगातली मुंबईची चंद्रोदयाची वेळ घेतली, साडेबारा तास वजा केले आणि सकाळी सव्वानऊला मला मोदक वाढले!

शशिकांत : मुंबईत तेव्हा चंद्र उगवलाच होता. गणित बरोबर होतं.

रत्ना : अहो, बाहेर ऊन होतं!

सावनी : (हसत, की-बोर्डवर टाइप करत) थांबा, चेक करते. त्या दिवशी व्हिएन्नाचा चंद्रोदय... नऊ वीस. तेव्हा तुम्ही हवेत असाल.

रत्ना : तेच म्हणतेय. आकाशात लटकताना कुठल्या गावचा चंद्र धरायचा? उतरून बघावा तर ढग.

सावनी : ढग खाली राहतात, आई! आणि विमान पूर्वेला चाललंय, म्हणजे चंद्राच्याच दिशेला. डाव्या खिडकीची सीट घेते. दिसला की तोच तुमचा.

रत्ना : आणि अर्घ्य?

सावनी : एअर होस्टेसकडे दोन पेले मागा. एकातून दुसऱ्यात सोडा.

शशिकांत : खिडकी उघडू नकोस म्हणजे झालं.

रत्ना : थट्टा सुचतेय तुम्हाला.

शशिकांत : अगं, लेकीला मूल व्हावं म्हणून धरलेला उपास ना? झालं मूल. देवही म्हणेल, आता पोटभर जेव.

रत्ना : सात वर्षं मागत होते, तेव्हा एक चुकवला नाही. आता दिलंय त्यानं. आभार मानायची ही पहिली संकष्टी. ही चुकवू?

शशिकांत : ...नाही. सावनी, मलाही खिडकीजवळ दे. हिच्या पुढच्या रांगेत. चंद्र आधी मला दिसला की हाक मारीन.

सावनी : डन. आई, करू बुक?

रत्ना : कर. आणि कादंबरीला फोन लाव.

सावनी : काय सांगू?

रत्ना : म्हणावं, चंद्र दिसला तरी विमानात पाण्याशिवाय काही घेणार नाही. पान तुझ्याकडेच वाढ. कितीही उशीर होऊ दे, बाळ मांडीवर आलं की मग जेवीन.