बुटकं टेबल

सकवारबाई : ...आणि याला टेबल म्हणायचं की लांबलचक पाट?

व्यंकोजी : टेबलच आहे गं. जरा खाली बसलंय, इतकंच.

सकवारबाई : दमलं असेल बिचारं. नागनाथ, तू सुतार ना रे? याचे पाय करायचे विसरलास, की कुणी कुरतडून नेले?

नागनाथ : मापातच केल्यात, अक्का. अण्णाच म्हणाले, जेवायला बसल्यावर बेंबीच्या वर चार बोटं यायला पाहिजे. अण्णा जेवायला बसले, मी सुतळी धरली.

सकवारबाई : बसले कुठं होते?

नागनाथ : पाटावर की. मांडी घालून. आणि कुठं बसतात?

व्यंकोजी : अरे गाढवा, टेबलावर माणूस खुर्चीत बसून जेवतो!

नागनाथ : खुर्च्या काल आल्या, अण्णा. सुतळी गेल्या महिन्यातली.

सकवारबाई : धन्य! मल्लेश्वरमात असं जेवणघर दुसरं नसेल. कोठीची भिंत पाडली, लोणच्याच्या बरण्या आमच्या पलंगाखाली झोपवल्या, भिंतींना पोपटी रंग फासला. आणि उद्या नीरजेला बघायला बडोद्याची माणसं येणार, ती जेवणार कशी? रांगत?

व्यंकोजी : मी मध्यस्थाला सांगून बसलोय, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टेबलावर जेवतात.

सकवारबाई : आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टेबलावर फक्त इस्त्री होते! हे उघडं पडलं, तर पोरीचं जमत आलेलं मोडेल. थापाड्याची लेक कोण करून घेणार?

व्यंकोजी : खुर्च्या तरी बघ! दंडूतला, गोऱ्यांच्या छावणीतला साहेब विलायतेला जाताना देऊन गेला. याच खुर्चीत बसून त्यानं वाघ मारलाय.

सकवारबाई : जेवता जेवता?

व्यंकोजी : कॉफी पिता पिता. बशीसुद्धा हलली नाही.

सकवारबाई : मग बसा त्या वाघाच्या खुर्चीत. हं, आता घास घ्या. अगंबाई, ताट पार पावलांपाशी राहिलं! नागनाथ, टेबलाला उंच पाय लाव.

नागनाथ : लाकूड ओलं हाय, अक्का. आज लावले तर उद्या आमटीच्या वजनानं फाकतील. त्यापेक्षा खुर्च्यांचे पाय स्वल्प कापू या.

व्यंकोजी : अस्सल साग आहे तो! वाघ मारलेला!

सकवारबाई : वाघ गेला, साहेब गेला. आता खुर्च्यांना कशाला मागं ठेवता? काप रे.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. पाहुणे जेवून, लग्न ठरवून गेले आहेत. नागनाथ हत्यारं न्यायला आला आहे.)

नागनाथ : जमलं म्हणे, अण्णा!

व्यंकोजी : जमणारच! व्याही टेबलाकडे बघतच राहिले. म्हणाले, इतकं बुटकं? मी म्हटलं, आमची जुनी दरबारी पद्धत. घोड्यावर बसून बसून पूर्वजांचे पाय कमानीसारखे वाकलेले, त्यांना उंच खुर्ची सोसायचीच नाही.

सकवारबाई : आणि त्या माणसानं मान डोलावली हो! मला वाटलं, आता घोड्याचं नाव विचारतो.

व्यंकोजी : विचारलं की. मी सांगितलं. नागनाथ, आता अगदी असंच टेबल आणखी एक कर. नीरजेबरोबर बडोद्याला पाठवायचं. व्याह्यांची तेवढीच अट आहे.

नागनाथ : सरी, अण्णा, करतो. पाट मांडा, सुतळी आणतो.

सकवारबाई : थांब. ते उंच करायचं.

व्यंकोजी : अगं, त्यांना दरबारी हवंय!

सकवारबाई : मग सांगा, हे राणीवशातलं. तुम्हाला काय अवघड? काल घोड्याला नाव ठेवलंत, आज टेबलाला ठेवा.

व्यंकोजी : काल नव्हे, आजच.

सकवारबाई : आजच. बारा वाजल्यापासून मी त्या टेबलाभोवती वाकून वाढतेय. पलीकडच्या ताटात भात घालायचा तर टेबलावर आडवं व्हायचं तेवढं बाकी होतं. माझं जाऊ द्या, माझी पाठ मुरलेली आहे. माझ्यामागून नीरजा आमटी घेऊन येत होती, तशीच वाकून. व्याही घोड्याचं ऐकत होते, मी तिची पाठ बघत होते. उंच हवं, नागनाथ. आणि या वेळी माप बाईमाणसाचं घे.

नागनाथ : कुणाचं घेऊ, अक्का?

सकवारबाई : माझं. पोर माझ्याच उंचीची आहे.

नागनाथ : मग जेवायला बसा तुम्ही, मी सुतळी धरतो. महिनाभर येतोय या घरात, पण तुम्हाला जेवायला बसलेलं काय बघितलं नाही.

सकवारबाई : बसले असते रे. पण मग वाढायचं कुणी?

नागनाथ : अण्णा हायत की.

सकवारबाई : अण्णा? अहो, ऐकलंत का? दरबाराला विचारतोय तो.

व्यंकोजी : ...साहेबाची एक खुर्ची न कापलेली राहिलीय ना रे? ती आण इकडं.

नागनाथ : आणि टेबल?

व्यंकोजी : इस्त्रीचं ओढ पुढं. बस गं तू.

सकवारबाई : बसले. आता?

व्यंकोजी : आता... भाताचा डाव कुठं असतो आपल्याकडे?