मुशीत गेलेली चार नाणी

जबाब, दि. १२ मार्च २०२५

नाव गहिनीनाथ रंगनाथ उदावंत, वय ५९ वर्षे, धंदा सोनारकाम, रा. सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वडिलांच्या वेळेपासून आमचं दुकान एकाच ओट्यावर आहे. आजवर माझ्याविरुद्ध एक अर्ज नाही. काल गावातल्या छबूबाई यांनी ‘सोनारानं माझी चांदी गिळली’ अशी तक्रार दिली, म्हणून हा जबाब.

सोमवारी दि. १० रोजी सकाळी अकराच्या सुमारास छबूबाई दुकानात आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी मातीनं माखलेले काळे, चपटे तुकडे ओट्यावर ओतले. शेततळं खोदताना जेसीबीखाली गाडगं फुटलं, त्यात निघाले, असं म्हणाल्या. “नाना, माझ्या नातीच्या, निकिताच्या पोरीचं रविवारी बारसं हाय. वाळे करा. लई जड नगं, पोरगी नाजूक हाय.” तुकडे त्यांनी मोजले नाहीत. मी तोलले नाहीत. मातीतली चांदी गाळल्यावरच तोलायची, ही आमच्या दुकानाची रीत आहे.

त्या गेल्यावर मी कस बघायला चार तुकडे मुशीत टाकून आटवले. चांदी पांढरीशुभ्र निघाली. पाचवा जरा जाड होता. आत तांबं असेल म्हणून कापून बघायला छिन्नी घेतली, तर काठावर छिन्नीचा घाव आधीच होता. जेसीबीचा नव्हे. माती धुतली, भिंग लावलं. घाव जुना, आतपर्यंत काळा पडलेला, आणि अगदी बेताचा. चांदी कळावी एवढाच, नासावी इतका नाही. मीही तेवढाच मारला असता. पाठीमागे तिळाएवढ्या तीन खुणा होत्या. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. साहेब, हसू नका, आहे तसं लिहा. मी छिन्नी खाली ठेवली आणि भट्टी बंद केली.

शाळेतले कल्याण सर जुनी नाणी जमवतात. त्यांना फोन केला. ते तास सोडून आले. चप्पल बाहेर काढली, बसले आणि बराच वेळ हातच लावेनात. मग म्हणाले, “नाना, ही दोन हजार वर्षांपलीकडची नाणी आहेत. वीस वर्षं जमवतोय, माझ्याकडे अशी सातच आहेत.” पुढच्या बाजूला पाच छाप, प्रत्येक वेगळा ठोकलेला. सूर्य, डोंगर, बैल, झाड असं काहीबाही. राजाचं नाव नाही, अक्षर नाही. पाठीमागच्या खुणा त्या काळच्या सराफांच्या असाव्यात, असं जाणकार मानतात म्हणे. नाणं हातात आलं की पारखायचं, खरं निघालं की आपली खूण ठोकून पुढे द्यायचं. सरांनी स्वतःसाठी एकही मागितलं नाही. जमिनीत सापडलेलं सरकारला कळवावं लागतं, एवढंच सांगितलं.

मंगळवारी छबूबाई वाळे न्यायला आल्या. वाळे केले नाहीत, नाणीही परत देता येणार नाहीत, असं मी सांगितलं. मला नीट समजावता येत नाही, डोकं लवकर तापतं, हे खरं आहे. त्यांनी पेठ गोळा केली. “लेकराच्या तोंडचं खाल्लं ह्यानं!” असं म्हणाल्या. मला फार लागलं. घरी मी जेवलो नाही.

आज सकाळी उरलेली सर्व नाणी ठाण्यात हजर केली. साहेबांनी छबूबाईंनाही बोलावलं होतं. भिंग त्यांच्या हाती दिलं. त्यांनी एक नाणं भिंगाखाली धरलं. मग म्हणाल्या, “आगं बया! ह्यो सूर्य तर मी रथसप्तमीला पाटावर काढते तसाच हाय.” त्यांनी नाणी कपाळाला लावली, मोजली आणि साहेबांना सांगितलं, “एकोणतीस. समदी हायेत. माझी काय तक्रार न्हाई.”

सगळी नाहीत. तेहतीस होती. आटवलेली चार त्यांना ठाऊक नाहीत, सरांनाही मी सांगितलं नव्हतं. लाज वाटली. ज्यांनी ती नाणी पारखली त्यांची नावंही कुठे राहिली नाहीत, पण काम चोख केलं. मी चाळीस वर्षं काम केलेला सोनार, आणि न धुता, न बघता चार मुशीत टाकली. त्यांची एक गोळी झाली आहे. ती डबीत घालून आणली आहे, जप्त करावी. छबूबाईंच्या पणतीचे वाळे मी माझ्या चांदीचे करून रविवारच्या आत पोचवीन. त्यानं चूक फिटते असं माझं म्हणणं नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे. वाचताना ते थांबले आणि म्हणाले, “नाना, बाईंची तक्रार मिटली. ही चार लिहायलाच पाहिजेत का?” लिहायलाच पाहिजेत, असं सांगून मी खाली सही केली.

(सही) ग. रं. उदावंत