लाल दिवा आणि माझं पोट

...आणि वर मलाच विचारतात, "असं काय खाल्लं होतंत?" अहो, काय खाल्लं म्हणून असं झालं हे कळलं असतं, तर ते मी परत खाल्लं असतं का? तुम्हाला सांगतो, तुम्ही लोक दगड खाल, पचवाल आणि वर ढेकर द्याल. माझं पोट म्हणजे रुसका जावई! कशानं बिनसेल सांगता येत नाही, आणि एकदा बिनसलं की मग सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं.

तेही सोसलं असतं हो! कुठल्या ऑफिसात कागद सरकवत असतो तर उठलो असतो, जाऊन आलो असतो, कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? पण मी पडलो रेडिओवर बातम्या वाचणारा! संध्याकाळच्या, आणि त्याही थेट. इवलीशी खोली, वीतभर जाडीचं दार, समोर काच, काचेपलीकडे आमचा बटणवाला... आवाजाच्या यंत्रावर बसतो म्हणून बटणवाला... आणि डोक्यावर तो लाल दिवा. तो लागला की बातम्या संपेपर्यंत दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी आगीची बातमी वाचायची, मग पळायचं! आणि माझं पोट, सकाळी गरीब गाय असतं हो, दुपारी जरा कुरकुरतं, पण लाल दिवा लागला... की झालं सुरू!

तो दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. एक फार मोठ्या गायिका गेल्या होत्या. बातमी वाचायची आणि मग एक मिनिट शांतता, असं साहेबांनी ठरवलं. मी म्हटलं, वा, तेवढंच एक मिनिट कमी वाचायचं! पण रेडिओवरची शांतता कशी असते माहीत आहे? माइक चालू ठेवून! बटणवाला म्हणाला, "खोलीतली शांतता ऐकू जायला पाहिजे हो, नाहीतर लोकांना वाटतं रेडिओच बिघडला." म्हणजे सगळं गाव कान देऊन बसलंय, मी मान खाली घालून बसलोय, आणि... गुर्रर्र... घुडुडुडुडु... कुईं? अहो, शेवटी प्रश्नचिन्हासकट! काचेपलीकडे बटणवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता पुढची श्रद्धांजली माझी.

फोनवर फोन! एक आजोबा म्हणे, "तुमच्या स्टुडिओत कुत्रं शिरलंय का हो?" एक बाई म्हणे, "मागे ते कुठलं वाद्य होतं? फार गंभीर वाटलं." साहेबांनी आत बोलावलं. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू बोलतात. "पुन्हा असं झालं, तर उद्यापासून तुम्ही हवामानाचे आकडे लिहून द्यायचे. वाचेल दुसरा कुणीतरी." उभा जन्म बातम्या वाचण्यात गेला, मला दुसरं येतं काय? घरात खिळा ठोकायला घेतला तर बायको आधी पट्टी आणून ठेवते.

मग गाठली आहारतज्ज्ञ बाई. आवाज मधासारखा, पण बोलणं फाशीचं. "आधी सगळं बंद. मग एकेक पदार्थ परत आणायचा. ज्याच्यामुळे पोट बोंबललं, तो आपला चोर!" झालं, आमच्या घराची पोलीस चौकी झाली आणि बायको फौजदार. "अहो, आज दुधाची पाळी!" मी दुधाकडे बघतोय, दूध माझ्याकडे बघतंय. प्यायलो, संध्याकाळी गेलो, लाल दिवा लागला... की झालं सुरू! दूध हद्दपार. मग पाव, तोही चोर. कांदा तर दिसतोच चोरासारखा. सफरचंद, बिचारं सज्जन फळ, तेही निघालं साथीदार! शेवटी ताटात पांढरा भात उरला, आणि त्यावरही पोट गुरगुरलंच! पट्ट्याला भोकं पुरेनात, विजार कमरेवर राहीना. कुणाच्या घरी गेलो की लोक भिंतीवरची चित्रं बघतात, मी आधी संडासाचं दार कुठलं ते बघायचो. भीती वाटायची हो, खोटं कशाला सांगू? भूक लागली तरी भीती, घास घेतला तरी भीती.

एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? रविवारी तुमचं पोट कसं काय गप्प असतं? परवा रविवारी कांदासुद्धा खाल्लात चुकून." खरंच की! रविवारी मला सुट्टी. "कामावर गुपचूप काही खात नाही ना?" म्हटलं, "तुझी शप्पथ!" "मग ही नुसती भीती आहे. पोटच भित्रं आहे तुमचं." म्हणजे आता भीतीचीच भीती!

गेलो दोघं बाईंकडे. बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, तेवढ्यानं माझ्या घशाला कोरड पडली, आणि सवयीनं हात गेला खिशात.

"हे काय?"

"गोळी. घशाची. आवाजाचं काम ना, दुपारपासून घसा सुकायला लागतो."

"किती खाता?"

"खातो कुठे बाई? चघळतो!"

बायकोनं माझा खिसा उलटा केला, तर कागदांचा हा ढीग! ती वर कौतुकानं सांगते, "मीच आणून देते हो. बिनसाखरेच्या आहेत, दात किडायला नकोत!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, साखरेऐवजी यात जे गोड घातलंय ना, ते पुष्कळांच्या पोटात जाऊन धुमाकूळ घालतं. एखादी ठीक आहे. तुम्ही फुटाण्यासारख्या खाताय!"

घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा! घाबरलो की घसा सुकतो, घसा सुकला की गोळी, गोळीनं पोट, आणि पोटानं परत घाबरलो! गोळ्या बंद करून एकेकाला पुन्हा बोलावलं. दूध निर्दोष, पाव निर्दोष. कांद्याची तर मी हात जोडून माफी मागितली. बायको म्हणाली, "माझीही मागा. खोटी शप्पथ घेतलीत माझी."

आणि नेमकं त्याच आठवड्यात एक थोर नट गेले. पुन्हा बातमी, पुन्हा शांतता. खिसा रिकामा. लाल दिवा लागला... आणि पोट गप्प! चिडीचूप! पण घसा? वाळवंट हो! "त्यांच्या जाण्यानं" म्हणेपर्यंत आवाज चिरकला, "पोकळी"ला फाटला, पुढचं वाक्य नुसतं घोगरं आलं. शांततेत मी घामानं भिजलो. म्हटलं, संपलं. आता हवामान!

दार उघडलं तर साहेब डोळे पुसतायत. "काय वाचलंत! कंठ दाटून आला होता तुमचा!"

"साहेब, तो घसा..."

"विनय पुरे! यापुढे कुणीही मोठं माणूस गेलं की बातमी तुम्हीच वाचायची. आणि एक मिनिट फार कमी पडतं. आता दोन मिनिटं शांतता!"

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, या गावातल्या समस्त नामवंतांच्या प्रकृतीची माझ्याएवढी काळजी त्यांच्या घरच्यांनाही नसेल. कोण खोकलं, कोण घसरून पडलं, सगळी चौकशी मी करतो. कालच कळलं, एक वृद्ध कवी इस्पितळात आहेत, आणि... घ्या! ऐकलंत? झालं सुरू! दूध पचतं, पाव पचतो, कांदा कच्चा खातो... थोरामोठ्यांचं दुखणं तेवढं पचत नाही.