ताक पिता पिता सांगितलेलं

अपेक्षा : व्हिडिओ काढून टाकला म्हणता, मग काल सकाळी तो मळवलीच्या बंगल्यावर कसा आला? पुण्याचं कुटुंब उतरलं होतं. मी त्यांच्या पुढ्यात पोहे ठेवतेय आणि त्यांची सून फोन दाखवून विचारते, ह्या तुमच्या आई का? तुमचा चेहरा अगदी सेम आहे.

श्रीयश : माझ्या चॅनलवरून मी तो कधीच काढलाय. तुम्ही फोन केलात त्याच संध्याकाळी. हा दुसऱ्या कुणीतरी टाकलेला असणार.

कस्तुराबाई : आदी बसू दे गं त्याला. तळेगावास्नं आलाय पोरगा. श्रीयश, ते बाकडं हलतंय, हिकडच्या अंगाला बस. ताक देऊ?

श्रीयश : नको मावशी.

कस्तुराबाई : त्या दिवशी दोन गलास पिलास की.

अपेक्षा : आई, पाहुणचार नंतर. तुम्ही सांगा, अजून कुठं कुठं आहे तो?

श्रीयश : खरं सांगू? मला माहीत नाही. जिथं जिथं दिसला तिथं मी मेसेज केला, रिपोर्ट केला. काहींनी काढला. काहींनी उत्तरच दिलं नाही. एक जण म्हणाला, बाई स्वतःहून बोलल्यात, तुझं काय जातंय. आणि एकानं काढला, मग बासरी लावून परत टाकला.

कस्तुराबाई : बासरी बरी वाटती पण.

अपेक्षा : तू कुठं ऐकलीस?

कस्तुराबाई : गडावर आलेली पोरं दावत्यात ना. रडणाऱ्या मावशी तुमीच का म्हणत्यात, गळ्यात हात टाकून फोटू काढत्यात, कांदाभजी खात्यात आन जात्यात. मी काय म्हणू त्यांना? गिऱ्हाईक हाय.

श्रीयश : सॉरी मावशी.

कस्तुराबाई : किती येळा म्हणशील? दरवेळी फोनवर बी तेच. मला आता त्या सॉरीचाच कंटाळा आलाय.

अपेक्षा : मला सगळ्याचाच आलाय. लोणावळ्याच्या बाजारात गेले तरी वाटतं, समोरचा ओळखणार. कुणी नुसतं बघितलं तरी मी तोंड फिरवते. श्रीयशदादा, त्या व्हिडिओमुळं तुमचं नाव झालं. आमचं काय झालं ते तुम्हाला कुणी विचारलं का?

श्रीयश : नाही. आणि नाव झालं हे खरंय. ते मी नाकारत नाही. पण मावशी, मी विचारलं होतं तुम्हाला. व्हिडिओ काढू का म्हणून.

कस्तुराबाई : इचारलंस. मी म्हणलं, काढ की. मला वाटलं घरी तुज्या आईला दावशील. बघ गं, गडाखाली अशी एक बाई भेटली म्हणून. माज्या भाकरीचे फोटू न्हाईत का काढत लोक? त्यातलंच ह्ये.

अपेक्षा : आणि सगळं सांगून टाकलंस. सासरच्या गावाचं नाव, नवऱ्याचं, गोरखचं नाव.

कस्तुराबाई : आता तुला कसं सांगू? अगं, इतकी वर्सं ह्या दुकानात बसते मी. तुजा बाप गेला तवा मी गावात रडले न्हाई, ह्या बाकड्यावर बसलेल्या एका अनोळखी म्हातारीपाशी रडले. गडावर आलेला माणूस खातो, पितो, उतरून जातो. त्याच्यासंगट आपलं बोलणं बी जातं. तो पुन्यांदा भेटतोय कशाला? गावात एक शबुद बोललं तर पिढ्या जात्यात, पर ते काय निघत न्हाई. म्हणून परक्याला सांगायचं. तेवढंच हलकं वाटतं.

श्रीयश : आणि मी ते घेऊन खाली गेलो.

कस्तुराबाई : तुला बी काय ठावं बाबा.

अपेक्षा : गावात ही काय सांगायची, माहितीये तुम्हाला? जावई चाकणला कंपनीत, रात्रपाळी असते, म्हणून लेक माहेरी राहती, मळवलीला कामाला जाती. दोन वर्षं हेच. मीपण तेच सांगायचे. दिवाळीला नवीन साडी नेसून कुठंतरी जाऊन यायचे, लोकांना वाटावं सासरी गेली. कार्ल्याच्या पायथ्याला बसून राहायचे, संध्याकाळी परत. आणि मग एका दुपारी शेजारच्या अनितावहिनी आल्या, फोन पुढं केला आणि म्हणाल्या, अगं, तुझी आई काय बोलतीये हे.

श्रीयश : मला हे काहीच माहीत नव्हतं.

अपेक्षा : कसं असेल? तुम्ही ताक पिऊन गेलात.

कस्तुराबाई : त्याला टोचू नगंस. म्या बोलिवलंय त्याला.

श्रीयश : हो, मावशींनी फोनवर तातडीनं ये म्हटलं. काय झालंय?

अपेक्षा : वकिलांनी दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज करून दिला होता. वडगावच्या कोर्टात घालायचा होता. माझी सही झाली, गोरखचीच राहिलीये. तोही तयार होता. आता त्याचे चुलते येऊन गेले, श्रीपतीभाऊ. म्हणाले, आमची पार अब्रू गेली, धाकट्या पोराची सोयरीक मोडली. व्हिडिओ जगातून काढा, मगच सही. म्हणून तुम्हाला विचारतेय, निघेल का?

श्रीयश : जगातून नाही निघणार. मी खोटी आशा लावत नाही. माझा गेला, अजून काही जातील. पण ज्यांनी फोनमध्ये उतरवून घेतलाय, ग्रुपवर पाठवलाय, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? आज सगळीकडून गेला असं वाटलं तरी उद्या कुणीतरी परत टाकेल.

अपेक्षा : म्हणजे सही नाही.

कस्तुराबाई : हुईल सही. दुसरा इलाज सांगितलाय भाऊंनी.

अपेक्षा : कसला इलाज? माझ्यासमोर तर काही बोलले नाहीत.

कस्तुराबाई : तू बंगल्यावर गेलतीस तवा पुन्यांदा आलते. म्हणले, त्यो निघत नसंल तर तुमी दुसरा करा. त्याच पोराकडनं. म्हणायचं, मी त्या टायमाला बोलले ते खोटं व्हतं. पोरगी हट्टी हाय, नांदत न्हाई. जावयानं कदी बोट लावलं न्हाई. एवढं म्हणा, गोरख दुसऱ्या दिवशी सही करतो.

अपेक्षा : आणि तू हो म्हणालीस.

कस्तुराबाई : त्यापायीच त्याला बोलिवलं.

अपेक्षा : मला न सांगता.

कस्तुराबाई : तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस? अपेक्षा, तुजं वय काय? केस लढायला गेलीस तर किती वर्सं जातील? वकीलच म्हणला ना. त्या माणसाच्या नावाखाली किती दिवस बसायचं तू? एक खोटं बोलून सुटत असशील तर मी बोलते. माजं काय ग. मला लोक लबाड म्हणतील, म्हणू देत.

श्रीयश : मावशी, तुम्हाला कळतंय ना, दुसरा टाकला म्हणून पहिला जात नाही? दोन्ही राहतील. लोक दोन्ही शेजारी शेजारी लावतील. आज तुमच्यासाठी रडतायत तेच उद्या हसतील.

कस्तुराबाई : हसू देत. लाव तुजा फोन त्या लोणच्याच्या बरणीला. तवा लावलतास तसाच.

श्रीयश : अपेक्षाताई?

अपेक्षा : लावा. तिला बोलायचंय ना, बोलू दे.

(श्रीयश फोन बरणीला टेकवून उभा करतो.)

कस्तुराबाई : झाला चालू? मी कस्तुराबाई. लोहगडवाडीला माजं हॉटेल हाय. मागं माजा एक व्हिडू तुमी बगितला. त्याच्यात मी माज्या लेकीबद्दल, जावयाबद्दल बोलले. तर ते बोलणं... तू मागं हो गं. समोर नगं उभी राहूस.

अपेक्षा : मी इथंच उभी राहणार.

कस्तुराबाई : मला बोलायला यीना तू समोर आसल्यावर.

अपेक्षा : जगासमोर बोलणार आहेस, मग मी ऐकलं तर काय झालं? म्हण. ते बोलणं खोटं होतं. तिला कुणी मारलं नाही. तिच्या कानाला ऐकू येत नाही ते जन्मापासून. म्हण ना.

कस्तुराबाई : अपेक्षा.

अपेक्षा : तुला माहीत नाही मी तो व्हिडिओ कितीदा बघितलाय. पहिल्यांदा बघितला तेव्हा तुझा इतका राग आला, वाटलं उठून कुठंतरी निघून जावं. मग रात्री अंथरुणात परत लावला. त्यात शेवटी तू म्हणतेस, बरं केलं माझी लेक आली, ऱ्हायली असती तर मेली असती. दोन वर्षं मी तुझ्याजवळ झोपते, आई. हे तू मला कधी म्हणाली नाहीस. मी आले त्या दिवशी तू दार उघडलंस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, आता गावात काय सांगायचं. मला वाटायचं मी तुला जड झालीये. साडी नेसवून मला बाहेर पाठवायचीस ना, तेव्हा तर नक्कीच वाटायचं.

कस्तुराबाई : जड व्हय? तुजी वाट बघून डोळे गेलते माजे. रोज वाटायचं, आज तरी यील.

अपेक्षा : मग मला का नाही सांगितलंस? ह्याला सांगितलंस. ताक प्यायला आलेल्याला.

कस्तुराबाई : परक्याला सांगता येतं गं. तुज्याकडं बगितलं की मला बोलायलाच यायचं न्हाई. आन सांगितलं आन तू रडाया लागलीस तर मी काय करायचं? दोघींनी रडत बसायचं आन दुकान कुणी उघडायचं?

श्रीयश : मी बाहेर थांबू का?

अपेक्षा : नको. इथंच बसा. तुमच्यापासून आता लपवायचं राहिलंय काय? मला त्या व्हिडिओचा तिरस्कार वाटतो. तुमचाही वाटतो कधीकधी. तो उद्या निघाला तर मी देवाला नारळ फोडीन. पण त्याच्यात माझी आई खरं बोललीये. आता हिनं मला खोटी म्हटलं आणि तेही तसंच राहिलं, तर मी काय करायचं? ते कुणाला सांगून निघेल?

कस्तुराबाई : आन सही?

अपेक्षा : नको त्याची सही. वकिलांना सांगू, केस घाला. जातील वर्षं तर जातील. दमलेय मी, पण तेवढं होईल माझ्यानं.

कस्तुराबाई : लय दमशील बाई.

अपेक्षा : आतापण दमलेच आहे.

कस्तुराबाई : श्रीयश, एक सांग. मी आता बोलले असते ते कुटवर राहिलं असतं?

श्रीयश : कोण जाणे, मावशी. तुमच्या-माझ्या मागंसुद्धा.

कस्तुराबाई : मी मेल्यावर बी माजं तोंड हलत राहणार, माजी लेक लबाड म्हणून?

श्रीयश : हो.

कस्तुराबाई : मंग बंद कर तो. आन आता काढलेला तेवढा पूस. माज्यासमोर पूस.

श्रीयश : पुसला. हे बघा. हा कुठं गेलेला नाही, फोनमध्येच होता. त्या दिवशीचा माझ्याकडं अख्खा आहे, तोही पुसू?

कस्तुराबाई : तिला इचार. तिचा हाय त्यो.

अपेक्षा : तुमच्याकडचा पुसा. माझ्या फोनमध्ये आहे माझा.

कस्तुराबाई : श्रीपतीभाऊंना फोन लाव गं. तेंना संध्याकाळपत्तूर सांगते म्हणलं व्हतं.

अपेक्षा : मी बोलते. तू नको.

कस्तुराबाई : न्हाई. मला बोलू दे. नुसता लावून दे... हॅलो. भाऊ, मी कस्तुरा बोलती. व्हय. आलाय, हितंच बसलाय. न्हाई, न्हाई निघत त्यो. तो म्हणतो कुणाच्यानंच निघायचा न्हाई. न्हाई भाऊ, दुसरा बी केला न्हाई. करणार न्हाई. सही राहू द्या मंग. काय म्हणला? खोटं? भाऊ, मी त्या पोराला सांगितलं ते आता तुमाला सांगते. तुमचा गोरख माज्या लेकीला मारायचा. दोनदा मीच तिला माघारी धाडली, त्ये बी खरं हाय. तिसऱ्यांदा ती आली, बरं झालं आली. तुमी काय परके न्हाई, भाऊ. तुमी पलीकडच्या खोलीत व्हता.